फियाटचा डेल्को: पॉइंटवरून इलेक्ट्रॉनिकवर जाताना

खोपोली सोडून बोर घाटाला लागलं की जुनी फियाट आधी तिसऱ्यावर येते, मग दुसऱ्यावर, आणि नेमका तिथेच इंजिनाचा एखादा ठोका गळतो. गाडी क्षणभर अडखळते, पुन्हा ओढते, पुन्हा अडखळते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’. मग रविवारी कार्बोरेटर उघडला जातो, जेट फुंकले जातात, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी परत तेच. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, ‘पॉइंट काढून टाक रे, इलेक्ट्रॉनिक बसव.’ पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच.

सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. मी तो अर्धाच ऐकला होता. किट आणलं, एका संध्याकाळी बसवलं आणि पुढच्याच शनिवारी त्याच घाटात गाडीने तोच ठोका गाळला. डेल्कोचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भांड्याचा, दांडा बुशमध्ये (तो ज्या नळीत फिरतो तिच्यात) खुळखुळत होता. आधी तो पॉइंट हलवायचा, आता नवी कोरी चुंबकाची चकती हलवू लागला, एवढाच फरक. म्हणून या लेखात किट बसवायची पायरी बरीच खाली आहे. वरच्या पायऱ्या कंटाळवाण्या आहेत, पण पैसे तिथेच वाचतात.

गाडी कोणती

माझ्यासमोर पद्मिनी आहे, त्यामुळे उदाहरणं तिची. चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, १०८९ सीसी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ती डिलाइट या नावाने बनत होती आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे पद्मिनी म्हटलं की लोकांना मीटर आणि पिवळं टप आठवतं. पण हे इंजिन १९५३ च्या इटालियन फियाट ११०० च्या घराण्यातलं आहे. त्याच वर्षी तिकडे त्याची ‘तुरिस्मो वेलोचे’ नावाची जलद आवृत्ती निघाली. पुढे फॉर्म्युला ज्युनियर शर्यती सुरू झाल्या, तेव्हा मोडेनाच्या स्टँग्वेलिनी या छोट्या कारखान्याने आपल्या एकआसनी गाड्यांत हेच ११०० चं इंजिन टोकाला नेऊन वापरलं. तेव्हा ‘फियाटला कसलं आलंय ट्युनिंग’ असं कोणी म्हणालं तर बिनधास्त हसा.

अँबॅसेडर किंवा हेराल्डवाल्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तकातून घ्यायचे.

ठिणगी कुठून येते, थोडक्यात

आपण ज्याला डेल्को म्हणतो त्याचं खरं नाव डिस्ट्रिब्युटर. डेल्को ही अमेरिकेतल्या डेटन गावची कंपनी, ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’. चार्ल्स केटरिंग यांनी तिथे १९१० च्या कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारं इग्निशन बनवलं. कंपनीचं नाव आपल्या गॅरेजांत भांड्याचंच नाव होऊन बसलं, जसं वनस्पती तुपाचं डालडा झालं. ती मूळ रचना पद्मिनीपर्यंत फारशी बदललेली नाही.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा पहिल्या गुंडाळीतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र भरतं. डेल्कोतला कॅम (दांड्यावरचा चार कोपऱ्यांचा भाग) पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. दांड्याच्या टोकावर फिरणारा रोटर तो झटका त्या वेळी ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो. पॉइंटच्या शेजारी असलेला छोटा कंडेन्सर, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा, दोन कामं करतो. पॉइंटवर ठिणगी पडू देत नाही आणि करंट झटकन तुटायला मदत करतो. तो गेला की पॉइंट काही तासांत काळेनिळे पडतात.

आता एक हिशेब, कारण खरेदीचे पुढचे निर्णय यावर आहेत. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनाला दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. ४,८०० आरपीएमला सेकंदाला १६०. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला सव्वासहा मिलिसेकंद, आणि त्यातला दोनतृतीयांश वेळ पॉइंट मिटलेले धरले तर कॉइल भरायला चारेक मिलिसेकंद मिळतात. साध्या कॉइलला ते पुरतात. ७,५०० वर नेलं तर एकूण चारच मिलिसेकंद उरतात, कॉइल अर्धवट भरते आणि पॉइंटची स्प्रिंग कॅमचा पाठलाग करताना उड्या मारायला लागते. शर्यतीच्या गाड्यांना जास्त ताकदीचं इग्निशन लागतं ते यासाठी. तुमची फियाट त्या आरपीएमला जाणार नसेल तर किटमुळे घोडे वाढतील ही आशा सोडा. मिळतं ते वेगळं: थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होणं, आयडलिंग सरळ राहणं, आणि दर काही हजार किलोमीटरला फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पानं) घेऊन वाकायची कटकट संपणं. ठोका गळणं थांबलं की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही, म्हणून पीयूसीचा आकडाही सुधारतो.

पायरी १: आहे ते आधी तपासा

लागेल काय? एक बरा मल्टीमीटर, फिलर गेज, १२ व्होल्टचा टेस्टर लॅम्प, टायमिंग लाइट (ठिणगी पडते त्या क्षणी चमकणारा दिवा), प्लग पाना, बारीक काचकागद, आणि फोटो काढायला मोबाइल. टायमिंग लाइट उसना मिळाला तरी चालेल, पण त्याच्याशिवाय हे काम हातात घेऊ नका.

सुरुवात बॅटरीपासून. कुठली बाजू बॉडीला जोडली आहे ते डोळ्यांनी पाहा. फियाटला निगेटिव्ह अर्थ असते, पण चाळीस वर्षांत किती हात लागले असतील कोण जाणे. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला उलटा करंट मिळाला तर ते आवाज न करता मरतं आणि दुकानदार परत घेत नाही.

मग कॉइल. मीटर व्होल्टवर, लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक कॉइलच्या प्लसवर. चावी ऑन, पॉइंट मिटलेले. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर वायरिंग ठीक. दीड-दोन व्होल्ट दिसले तर इग्निशन स्विच, फ्यूजची पट्टी किंवा एखादी कुजलेली लग मधेच व्होल्ट खातेय. याहून जास्त दिसले तर आधीच्या मालकाने वाटेत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचे व्होल्ट कमी करणारा रोध) टाकलाय का ते शोधा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी सोडवून, घासून परत आवळा. फुकटातलं काम आहे, आणि अर्धी ‘इलेक्ट्रिकची भुतं’ इथेच उतरतात.

चारही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांडा. चारही तपकिरी असतील तर छान. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरची वायर किंवा कॅपचं ते टोक पाहा. चारही काळे असतील तेव्हा कुठे कार्बोरेटरवर संशय घ्या.

डेल्कोची कॅप उजेडात धरा. आतल्या बाजूला दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती रेघ नाही, करंटची पायवाट आहे. कोकणातल्या गाड्यांच्या कॅपमध्ये पावसाळ्यानंतर ही फार सापडते. घासून जात नाही, कॅप बदलायची. मधला कार्बनचा ठिपका स्प्रिंगवर वरखाली होतोय ना, तेही बघा. रोटर घेताना ज्याच्या पितळी पट्टीला खालून रिव्हेट ठोकलेलं असतं तो शक्यतो टाळा. त्या रिव्हेटमधून करंट थेट दांड्यात उतरायची भीती असते, आणि गाडी अशी बंद पडते की प्लग, कॉइल, पेट्रोल सगळं ठीक दिसतं.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधता येतात. जुना नमुना खिशात घेऊन जा. ‘फियाटची कॅप द्या’ एवढ्यावर दुकानदार जे देईल ते बसेलच असं नाही.

पायरी २: डेल्को बाहेर काढणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. एक नंबरचा सिलिंडर म्हणजे रेडिएटरकडचा. सगळे प्लग काढलेलेच आहेत, तेव्हा चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू पुढे ढकला. एक नंबरच्या भोकावर बोट ठेवलेला मदतनीस ‘हवा आली’ म्हणाला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. आणखी थोडं पुढे ढकलून पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या खुणेसमोर आणा. रोटर आता एक नंबरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे.

इथे फोटो काढा, तीन बाजूंनी. शिवाय डेल्कोच्या कडेवर रोटरच्या टोकासमोर एक खूण आणि डेल्को व इंजिन मिळून एक खूण, अशा दोन खुणा करा. नेलपॉलिश उत्तम टिकतं. वायरींना १, २, ३, ४ अशा चिकटपट्ट्या लावा. क्रम १-३-४-२ हे पाठ असलं तरीही. मग क्लॅम्प सैल करून डेल्को सरळ वर ओढा. बाहेर येताना रोटर थोडा फिरला तर किती फिरला तेही टिपून ठेवा. दांड्याच्या खालच्या टोकाला दात असतील तर बसवताना एक दात इकडचा तिकडे होऊ शकतो, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. आणि डेल्को बाहेर असताना गाडी कोणी ढकलू नका, सेल्फ मारू नका. घरातल्यांना तसं सांगून ठेवा.

डेल्कोच्या अंगावर ठोकलेला नंबर वाचून लिहून घ्या. किट गाडीच्या नावावर नाही, डेल्कोच्या नंबरावर मिळतं.

पायरी ३: बुश, वजनं आणि डायफ्रॅम

खरी गंमत इथे आहे, म्हणून थोडा थांबतो.

डेल्कोचा दांडा ब्राँझच्या बुशमध्ये फिरतो. अंगठा आणि तर्जनीत दांड्याचं वरचं टोक धरा आणि आडवं हलवा. ‘टक’ असं काही जाणवलं तर बुश गेला. पॉइंटची गॅप लुकासच्या बनावटीत ०.३५ ते ०.४० मिमी असते. दांडा ०.१ मिमी जरी डुलला तरी पाव गॅप गेली. मग प्रत्येक सिलिंडरला वेगवेगळ्या वेळी ठिणगी पडते आणि टायमिंग लाइटखाली खूण जागेवर थांबतच नाही, नाचत राहते.

मी माझा डेल्को ज्या लेथवाल्याकडे नेला, त्यांनी आधी काही विचारलंच नाही. डेल्को व्हाइसमध्ये धरला, डायल गेजची सुई दांड्याला टेकवली आणि बोटाने हलकं ढकललं. काटा पंधरा घरं गेला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ‘यावर तुम्ही इलेक्ट्रॉनिक बसवलंय?’ एवढंच ते म्हणाले. जुने बुश ठोकून काढले, नवे वळले, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बसवून रीमर फिरवला. काटा दोन घरांवर आला. त्या कामाला किटच्या निम्मेही पैसे लागले नाहीत.

डेल्को उघडलाच आहे तर खालची दोन वजनं आणि त्यांच्या दोन छोट्या स्प्रिंग पाहा. इंजिन जसं जोरात फिरतं तशी ही वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडायला लावतात. जुनं ग्रीस इथे वाळून डिंक झालेलं असतं. रॉकेलने धुवा, वाळवा, पिनांवर पातळ तेलाचा एकेक थेंब. स्प्रिंग एक जाड, एक बारीक, लांबीही वेगळी असू शकते. ती चूक नाही, मुद्दाम तशी असते. ‘जुळवून’ घेऊ नका. जोडल्यावर रोटर बोटाने फिरण्याच्या दिशेला पिळा आणि सोडा. तो स्वतःहून टुणकन परत आला पाहिजे.

बाजूची चपटी डबी म्हणजे व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, इंजिनाच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारी. तिला नळी लावून तोंडाने ओढा आणि जीभ नळीवर ठेवा. आतली प्लेट सरकली आणि ओढ टिकून राहिली तर डायफ्रॅम शाबूत आहे. हवा सुळकन येत राहिली तर फाटलाय. फाटका डायफ्रॅम सपाट रस्त्यावर पेट्रोल खातो आणि वर इंजिनात फुकटची हवा घुसू देतो.

एवढं झाल्यावर नवे पॉइंट आणि कंडेन्सर घालून डेल्को परत बसवा आणि आठवडाभर गाडी चालवा. माझं प्रामाणिक मत: दहातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटेल. मिटला तर पॉइंटवरच राहायलाही हरकत नाही. पॉइंटची गाडी रस्त्यात बंद पडली तर काचकागदाच्या तुकड्यावर घरी येते.

पायरी ४: काय घ्यायचं

तरीही पुढे जायचंच असेल तर चार रस्ते आहेत.

पहिला आणि नवख्यांसाठी योग्य तो म्हणजे कॅपच्या आत मावणारं मॉड्यूल. पॉइंट आणि कंडेन्सर निघतात, त्यांच्या जागी एक छोटा सेन्सर आणि कॅमवर चार चुंबकांची चकती बसते. पर्ट्रॉनिक्स वगैरे नावं याच जातीतली. बाहेरून काही दिसत नाही, दोन वायरींत काम होतं, आणि चार स्क्रू फिरवून पुन्हा पॉइंटवर येता येतं. गाडी ५० वर्षांची झाल्यावर व्हिंटेज म्हणून नोंदवायचा बेत असेल तर मूळ रूप शाबूत राहणं हाही फायदाच.

दुसरा, पॉइंट तसेच ठेवून मधे ट्रान्झिस्टरचा डबा. पॉइंटमधून नावापुरता करंट जातो, म्हणून ते जळत नाहीत, पण झिजायचे ते झिजतातच. तिसरा, अख्खा नवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, जसा हॉलंडचा १२३ इग्निशन. त्यात अ‍ॅडव्हान्सचे, म्हणजे ठिणगी कधी किती लवकर पाडायची याचे, सोळा नकाशे आधीच भरलेले असतात. खिसा जड असेल आणि तुमच्या इंजिनाला बसणारा मिळाला तर बुश, वजनं, स्प्रिंग सगळ्याची काळजी एकदम जाते.

चौथ्या रस्त्यावर एमएसडीसारखे सीडीआय डबे (कंडेन्सर भरून त्याचा झटका कॉइलला देणारे) आणि डेल्कोच काढून टाकणारे क्रँक-ट्रिगर आहेत. एमएसडी ६ए कमी आरपीएमला एकाऐवजी अनेक ठिणग्या मारतो, ३,००० च्या वर एकच. जुळे कार्बोरेटर, वेगळा कॅम, वाढवलेलं कॉम्प्रेशन असलेल्या गाडीला याचा उपयोग आहे. साध्या पद्मिनीला हा डबा म्हणजे सायकलला ट्रकचा हॉर्न. शिवाय सीडीआयमध्ये कॉइलच्या छोट्या टोकांवरही ४०० च्या वर व्होल्ट असतात, तिथे सवयीने हात लावायचा नाही.

पायरी ५: मॉड्यूल बसवणं

विकत घेण्याआधी कॉइलचा रोध मोजा. वायरी काढून मीटर ओहमवर, प्लस आणि मायनस टोकांत. ३ ओहमच्या आसपास असेल तर १२ व्होल्टला ४ अँपिअर. दीड ओहमची असेल तर तीच कॉइल ८ अँपिअर ओढेल आणि साधं मॉड्यूल भाजून काढेल. किटच्या कागदावर कमीत कमी किती ओहम चालतात ते लिहिलेलं असतं, तो आकडा कॉइलशी जुळला पाहिजे. मोठ्या लाल-पिवळ्या ‘स्पोर्ट’ कॉइलच्या मोहात इथेच लोक सापडतात.

पॉइंट आणि कंडेन्सर काढा. बेसप्लेटला बॉडीशी जोडणारी केसासारखी विणलेली छोटी अर्थवायर असते, ती तुटलेली नाही ना बघा. तुटली असेल तर नवी टाका, मॉड्यूलची अर्थ तिच्यातूनच जाते. मॉड्यूलची पट्टी पॉइंटच्याच स्क्रूवर बसते. खाली उष्णतेची पेस्ट दिली असेल तर पातळ थर द्या. चुंबकाची चकती कॅमच्या चार कोपऱ्यांवर नीट बसेपर्यंत दाबा, ठोकू नका. किटसोबत प्लास्टिकची पट्टी येते, ती सेन्सर आणि चकतीच्या मधे धरून अंतर लावा. मग रोटर घालून दांडा हाताने पूर्ण फिरवा आणि कान द्या. कुठे घासल्याचा आवाज नको, आणि व्हॅक्यूमची प्लेट सरकली तरी वायर ताणली जाता कामा नये.

बाकी वायरी सोप्या. बहुतेक किटांत लाल कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. तरी आपल्या कागदावरचा रंग प्रमाण माना. डेल्कोच्या भिंतीतून जाताना रबरी ग्रॉमेट हवाच. वेगळा आरपीएम मीटर लावलेला असेल तर त्याची वायर कॉइलच्या मायनसलाच राहते.

प्लगच्या वायरी तांब्याच्या तारेच्या असतील तर बदला. त्यांचा रोध जवळपास शून्य असतो, त्यामुळे रेडिओत खरखर आणि मॉड्यूलच्या डोक्यात गोंधळ होतो. मीटरवर काही हजार ओहम दाखवणाऱ्या सप्रेसर वायरी घ्या. प्लगची गॅप लगेच वाढवू नका. आधी पुस्तकातल्याच गॅपवर चालवा. सगळं सुरळीत झाल्यावर एक दशांश मिलिमीटरने वाढवून फरक पडतो का बघा. गॅप वाढवली की जास्त व्होल्ट लागतात, आणि तो ताण कॅप-रोटरवरच येतो.

आणि चावी ऑन ठेवून गाडी बंद उभी करू नका. १२ व्होल्ट, ४ अँपिअर म्हणजे ४८ वॅट, एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, आणि ती जायला जागा नाही. मी टेप ऐकत वीस मिनिटं गॅरेजात पसारा आवरत बसलो होतो. त्या वीस मिनिटांत एक मॉड्यूल गेलं.

पायरी ६: टायमिंग

टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते लावणं. डेल्को खुणांवर बसवा, आणि तो हाताने फिरेल इतकाच क्लॅम्प आवळा. पॉइंटची गाडी टेस्टर लॅम्पने लावता येते. लॅम्पचं एक टोक कॉइलच्या मायनसला, दुसरं बॉडीला, चावी ऑन, आणि डेल्को फिरवत लॅम्प पेटेल तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. इलेक्ट्रॉनिकला लॅम्पवर भरवसा ठेवू नका, टायमिंग लाइटच हवा.

पुलीवर फक्त टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असतानाची) खूण असेल आणि पुस्तकात अंश दिलेले असतील तर पुलीला दोरा गुंडाळून घेर मोजा. समजा घेर ४४० मिमी भरला. भागिले ३६० केलं की एका अंशाला साधारण १.२ मिमी. दहा अंश हवे असतील तर टीडीसीच्या खुणेपासून १२ मिमीवर पांढरा ठिपका. ठिपका कोणत्या बाजूला? इंजिन फिरताना स्थिर खुणेसमोर जो आधी येईल, त्या बाजूला.

इंजिन गरम करा. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बुजवा. आयडलिंग शक्य तितकं खाली आणा, नाहीतर वजनं उघडून आकडा फसवतील. बाह्या वर, घड्याळ काढलेलं, ओढणी किंवा मफलर घरात. लाइटखाली पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यात हात घालतं.

डेल्को रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवला की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेला वळवला की मागे. ठिपका खुणेसमोर आला की क्लॅम्प आवळा आणि पुन्हा एकदा लाइट मारा, कारण आवळताना तो थोडा सरकतोच. आता हळूहळू रेस द्या. ठिपका गुळगुळीत सरकत पुढे गेला पाहिजे आणि रेस सोडली की त्याच जागी परत आला पाहिजे. झटक्याने सरकला किंवा वरच अडकून राहिला तर वजनं पुन्हा धुवा.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. गाडी गरम, तिसरा गिअर, चढ, पेडल पूर्ण दाबलेलं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग. डेल्को अगदी किंचित, एखाद-दोन अंश मागे घ्या आणि परत त्याच चढावर या. नॉकिंग ऐकू येत असताना ‘पिकअप मस्त आहे’ म्हणून तसंच चालवत राहिलात तर पिस्टनचं बिल येईल.

नाही चालली तर

सेल्फ मारल्यावर कार्बोरेटरमधून फट्कन आवाज आला तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे किंवा डेल्को १८० अंश उलटा बसलाय. ठिणगीच नसेल तर एक जुना प्लग वायरीला लावून इंजिनावर आडवा ठेवा आणि सेल्फ मारून बघा. वायर हातात धरायची नाही, आणि उघडी लटकवूनही सेल्फ मारायचा नाही. करंटला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आतच वाट काढतो.

तासभर चालून गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी सगळ्यात जास्त छळते. बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, तोच जुना प्लग लावून पाहा. ठिणगी असेल तर पेट्रोलच्या पाइपात वाफ झाली आहे, ओलं फडकं पंपावर टाका. ठिणगी नसेल तर मॉड्यूल किंवा कॉइल. कॉइलला हात लावून चटका बसत असेल तर तीच.

माझ्या डॅशबोर्डच्या खणात अजून एक स्टीलचा चपटा डबा असतो. आत जुनी बेसप्लेट, तिच्यावर ०.३८ ला गॅप लावून आवळून ठेवलेले पॉइंट, नवा कंडेन्सर, एक रोटर, दोन जास्तीचे स्क्रू, कारण ते हमखास इंजिनखाली पडतात, आणि फिलर गेजचं एकच पान. वरून जाड रबरबँड लावलंय. पोलादपूरच्या पुढे, भर पावसात, बॅटरीच्या उजेडात तो डबा एकदा उघडावा लागला. पाऊण तासात गाडी सुरू झाली होती.